मुलमुल्यांची काळी बिअर

"कोणाला खरं वाटणार नाही, पण त्या काळ्या बिअरने माणसाला घाम फुटतो, घोड्याला अक्कल फुटते आणि टांग्याला लाज वाटते," अच्युतराव मुलमुले म्हणाले आणि बांधलेल्या ट्रंकेवर मांडी बदलून बसले.

"टांग्याला लाज?" सुभाषने विचारले. त्याने विचारले नसते तरी अच्युतराव सांगणारच होते.

"मग काय तर! भोपाळच्या स्टेशनवर उतरलो, थंडी अशी की शिट्टीतली वाफ गोठून इंजिनाच्या मिशा झालेल्या. टांग्याचा घोडा कुडकुडतोय. टांगेवाला म्हणाला, 'को खाँ, आज जानवर नहीं चलेगा.' माझ्याकडे होती काळी बिअर. लोखंड तापवून तिच्यात बुडवलं, गरम केली, बादलीत ओतली, घोड्याला पाजली. म्हणता म्हणता घोडा बैरागढला पोचलासुद्धा!"

"आणि तुम्ही?"

"आम्ही स्टेशनवरच. टांगा जुंपायला विसरलो होतो ना! पण टांग्याला स्वतःची लाज वाटली हो. म्हणाला, धनी पुढे गेला आणि मी काय हा असा उभा? आला आपसूक मागोमाग. मी आत बसलेलो. भाडंसुद्धा घेतलं नाही."

अंगणात हशा उसळला. आबकारी खात्यातले पाचसहा कारकून पेट्यांवर, सतरंजीच्या वळकटीवर, मिळेल तिथे टेकले होते. एकच वेताची खुर्ची होती आणि तिच्यावर काशिनाथपंत बोधनकर बसले होते. ते हसले नाहीत. काशिनाथपंत हसण्याआधी उजवीकडे-डावीकडे बघत असत, आणि तोवर हसू विझून जाई.

संक्रांत काल झाली होती. सन एकसष्ट लागून पंधरा दिवस झाले होते आणि अच्युतरावांना पेन्शनीत निघूनही तितकेच. उद्याच्या गाडीने मुलमुले नवराबायको कायमची नागपूरला जायची होती. ज्या वस्तीला पुढे लोक तुलसी नगर म्हणू लागले तिथले ते नवेकोरे सरकारी क्वार्टर. भिंतींचा चुना अजून कपड्यांना लागायचा. बाहेर पुरुष उन्हाला बसले होते, आत रत्नप्रभाबाईंचे भोपाळातले शेवटचे हळदीकुंकू चालले होते. दार उघडेच होते. बांगड्यांचे आवाज बाहेर येत होते आणि अच्युतरावांच्या थापा आत जात होत्या.

"मुलमुले, आत बायका आहेत," काशिनाथपंत म्हणाले.

"आहेत म्हणून तर घोड्याची गोष्ट सांगितली. नाहीतर कर्नलची सांगणार होतो."

"काका, कर्नलची सांगा!" दोघेतिघे एकदम ओरडले.

कर्नलची गोष्ट सगळ्यांना पाठ होती. कर्नलसाहेबाची बिअर एवढी दाट होती की तिच्यात काठी उभी राहायची. एकदा साहेबाने काठी उभी करून ठेवली आणि विसरून विलायतेला गेला. परत येऊन बघतो तर काठीला पालवी. मग बैरागढच्या छावणीतला तो इटलीचा कैदी. लढाईच्या दिवसांत रेशनची ज्वारी तव्यावर कोळशासारखी भाजून, गूळ घालून, पावसाच्या पाण्याच्या पिंपात त्याने अशी काही काळी बिअर लावली की ती पिऊन पहारेकरी मोठ्या तलावात उतरला आणि भर पौषात गावातल्या बायका कोमट पाणी मिळतंय म्हणून धुणी घेऊन काठावर आल्या. विलायती, पहाडी, बर्म्याची, जहाजावरची. हिवाळ्यात कोणती काळी बिअर कोणत्या महिन्यात प्यावी याचे मुलमुल्यांचे एक पंचांगच होते. ऑफिसात डिसेंबर लागला की पोरे त्यांच्या टेबलाभोवती शेकायला बसल्यासारखी बसत.

"पण काका, आता नागपुरात काय करणार?" सुभाष म्हणाला. "नागपूर आता महाराष्ट्रात. तिथं तर पूरी बंदी! डॉक्टरची चिठ्ठी लागते म्हणतात. हालत खराब होणार तुमची."

"होईल तसं होईल बाबा."

"असं कसं? आम्ही होऊ देणार नाही." सुभाष उठला, फाटकाशी लावलेल्या सायकलकडे गेला आणि कॅरियरवरचे वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी घेऊन आला. कागद सोडला. काळपट तपकिरी काचेची, गळ्यापर्यंत धूळ खाल्लेली बाटली होती. "जुन्या शहरातल्या त्या पारशाकडची. शेवटची होती. चार वर्षं झाली, काका, तुमच्या गोष्टी ऐकतोय. आज गोष्ट नको. आज आमच्यासमोर प्यायची."

"प्यायची, प्यायची!" बाकीच्यांनी टाळ्या पिटल्या.

अच्युतरावांनी हात पुढे केला, बाटली घेतली. लेबल वाचायला चष्मा वर केला आणि तो वरच राहिला.

आता वाचकहो, इथे एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. अच्युतराव मुलमुल्यांनी जन्मात बिअरचा थेंब जिभेला लावलेला नव्हता. ना काळीचा, ना पिवळीचा, ना कुठल्याच बिअरचा.

तीस वर्षे त्यांची आबकारी खात्यात गेली होती. त्यांच्या खिशात दारूची घनता मोजायची काचेची नळी असे. ती पिंपात सोडायची, कुठवर बुडते ते बघायचे, आणि कलालाने किती पाणी घातले ते सांगायचे. नळी बघून त्यांनी भल्याभल्यांचे परवाने अडवले होते. नोकरीवर रुजू झाले त्या दिवशी वाडीच्या दत्ताच्या तसबिरीसमोर त्यांनी हात जोडून सांगितले होते, 'महाराज, हात रोज दारूत जाणार. जीभ तेवढी कोरडी ठेवीन.' आणि ठेवली होती. दारू त्यांनी जन्मभर प्यायली ती नळीने, डोळ्यांनी आणि नाकाने.

मग ही काळी बिअर आली कुठून?

ती आली छप्पन साली. नोव्हेंबरात नवे राज्य झाले, नागपूरची राजधानी उठून भोपाळला आली, आणि फायलींबरोबर कारकूनही आले. फायलींना कपाटे मिळाली. कारकुनांना बैरागढच्या बराकी मिळाल्या, लढाईत कैदी ठेवले होते त्या. एका लांब बराकीत चार बिऱ्हाडे, मध्ये अर्ध्या उंचीच्या भिंती आणि वर एकच पत्र्याचे छप्पर. एका घरात फोडणी पडली की चारही घरे शिंकत. पलीकडे काशिनाथपंत आणि त्यांच्या कमलिनीबाई. अलीकडे मुलमुले.

आल्या आल्या रत्नप्रभाबाई मुदतीच्या तापाने पडल्या. एकवीस दिवसांनी ताप उतरला, पण त्यांना बरोबर घेऊन उतरल्यासारखा. हाडांवर कातडी राहिली. पेज पोटात ठरेना, दूध ठरेना. हातपाय गार पडत. वरून ती पत्र्याची थंडी. अच्युतराव ऑफिसातून आले की आधी पांघरुणाची हालचाल बघत आणि मगच टोपी काढत.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई वयस्क ख्रिस्ती होत्या. त्यांनी तपासले आणि कागदावर एक शब्द लिहिला. "स्टाउट दीजिए. काली वाली बियर. रोज आधा गिलास. ताकत आएगी, भूख लगेगी. और देखिए, ठंडी मत देना."

अच्युतरावांनी तो कागद घडी घालून टोपीत ठेवला. ब्रँडी असती तर प्रश्न नव्हता. औषधाची ब्रँडी चमच्याने चालते, ती सोवळ्याच्या फडताळात गंगाजलाशेजारी उभी राहिली तरी कोणी विचारत नाही. पण बिअर? अख्ख्या पेल्याने? आणि काळीकुट्ट?

त्यातून रत्नप्रभाबाईंच्या धाकट्या बहिणीचे, सिंधूचे, लग्न तेव्हा ठरता ठरता राहिलेले. मुलाकडचे काशिनाथपंतांच्याच नात्यातले. बराकीत शिंकले तर ते नागपुरात ऐकू जायचे दिवस. 'मुलीची मोठी बहीण बिअर पिते' एवढे एक वाक्य टपालात पडले असते की सिंधूचे स्थळ गेलेच होते.

जुन्या शहरातल्या दुकानातला पारशी म्हातारा बाटल्या पुसत म्हणाला, "ये तो साहेबलोग का सर्दी का माल है. साहेबलोग गया, माल रह गया. लोग को पीली मंगता." अच्युतरावांनी दोन बाटल्या फायलीच्या फडक्यात बांधून आणल्या.

आणि मग तो रविवार. दुपारची वेळ. कमलिनीबाईंकडे बराकीतल्या बायका दत्तजयंतीच्या पारायणाचे ठरवायला जमलेल्या. अच्युतरावांनी शेगडी पेटवली. ठंडी मत देना म्हणजे गरम द्यायची. आणि औषध गरम द्यायचे म्हणजे काढा. आणि मुलमुल्यांच्या घरात काढा म्हणजे अष्टमांश! आठ पेले पाण्याचा एक पेला होईपर्यंत आटवायचा, त्यात सुंठ, दोन मिऱ्या, गुळाचा खडा. आईने शिकवलेले. त्यांनी अख्खी बाटली पितळीत ओतली आणि शेगडीवर चढवली.

दूध उतू जाते तेव्हा आधी नोटीस देते. बिअर देत नाही. मिनिटभर ती पितळीत शहाण्यासारखी बसली आणि मग एकाएकी जी उठली ती थांबेचना. बदामी फेस पितळीच्या काठावरून, शेगडीवरून, निखाऱ्यांवरून, जमिनीवर. अच्युतराव फुंकर घालताहेत, जसे दुधाला घालतात. फेस आणखी फुगतोय. जळक्या धान्याचा, करपल्या गुळाचा, आंबलेल्या पोत्याचा असा एक वास उठला आणि अर्ध्या भिंतीवरून चारही बिऱ्हाडांत शिरला.

"अहो, काय करताय?" साडीच्या पडद्याआडून रत्नप्रभाबाई क्षीण आवाजात म्हणाल्या.

"काढा."

"काढ्याला असा वास?"

एवढ्यात दारात काशिनाथपंत, त्यांच्यामागे कमलिनीबाई, त्यांच्यामागे अख्खी बराक. पाहतात तो अच्युतराव उकिडवे बसलेले, सदऱ्यावर फेस, डाव्या हातात बाटली.

"मुलमुले! ही बिअर आहे!" लेबल वाचून काशिनाथपंत म्हणाले. "कोणासाठी?"

पडद्याआड रत्नप्रभाबाई कोपरावर उठल्या. तोंड उघडले. त्या बोलणार होत्या.

"माझ्यासाठी," अच्युतराव म्हणाले. आणि एक खोटे बोलल्यावर त्याला एकटे कसे सोडायचे म्हणून त्यांनी लगेच सोबत दिली. "थंडीत लागते मला. जुनी सवय. एका कर्नलने लावली. त्याच्या बिअरीत काठी उभी राहायची..."

मुलमुल्यांची ही पहिली थाप. तोवर तो माणूस बाजारभाव सांगतानाही घाबरायचा.

आठ दिवसांवर दत्तजयंती होती. बराकीतल्या उत्सवात पूजेला अच्युतरावांनी बसायचे, आरती त्यांनी उचलायची असे ठरले होते. नागपुरात वीस वर्षे त्यांनी ती उचलली होती. गळा असा की देवघरातली समई वाकून ऐकेल. काशिनाथपंतांनी येऊन निरोप दिला, "राग मानू नका, पण सगळ्यांचं मत पडलं की पूजेला मी बसावं." अच्युतराव म्हणाले, "योग्यच आहे." आणि दत्तजयंतीला ते सगळ्यात मागे, चपलांपाशी बसले. काशिनाथपंतांची आरती सुरात कधीच लागत नसे. मागे चपलांपाशी एक बारीक आवाज तीच आरती योग्य सुरात म्हणत असे, फक्त स्वतःपुरती.

ती पहिली दत्तजयंती. मग सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ आणि परवाची साठची. बराक सुटली, नवे क्वार्टर मिळाले, पण जागा तीच. चपलांपाशी.

दुसरी बाटली मात्र वाया गेली नाही. आटवण्याचा नाद सोडून अच्युतरावांनी युक्ती काढली. पेल्यात बिअर ओतायची, उलथण्याचा दांडा निखाऱ्यात लाल करायचा आणि पेल्यात बुडवायचा. चर्रर्र! फेस टोपीसारखा वर आणि पेला हाताला सोसेल इतका ऊन. बिअरला फोडणीच म्हणा ना! आता वास आला तरी हरकत नव्हती. बराकीला माहीत होते, मुलमुले पिताहेत.

पहिल्या घोटाला रत्नप्रभाबाईंनी तोंड वेडेवाकडे केले. "वरवरचं फार कडू आहे हो." मग डोळे मिटून आणखी घेतला. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "खाली बरी आहे. काकवीसारखी." रोज दिवेलागणीला अर्धा पेला. नवरा समोर बसून विचारी, "आज कशी लागली?" आणि त्या सांगत. जळक्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी. चुलीतल्या रताळ्यासारखी. आज पायांत ऊब उतरली. आज बोटांत आली. पंधरा दिवसांनी त्यांनी भात मागितला, आणि अच्युतराव शेगडीमागे तोंड फिरवून बराच वेळ निखारे ढवळत राहिले.

जानेवारी संपेपर्यंत बाटल्या लागल्या. फेब्रुवारीत रत्नप्रभाबाई स्वतः विहिरीवर गेल्या. मेमध्ये सिंधूचे लग्न झाले.

तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "आता सांगून टाकू या. किती दिवस तुम्ही मागे बसणार?"

"छे! आता सांगितलं तर माझ्या गोष्टी खोट्या नाही का ठरणार?" अच्युतराव हसत म्हणाले. मग हसू आवरून, "तुला दत्ताची शपथ आहे. लोक माझ्या तोंडावर हसतात. तुझ्या पाठीमागे हसतील. फरक आहे." खोट्याला पगार नसतो, पण बढती मात्र आपोआप होत जाते. एका कर्नलचे तीन झाले, मग घोडा आला, मग इटलीचा कैदी.

तर अशी ती बिअर. आणि आता बाटली हातात, समोर सहा पोरे, खुर्चीत काशिनाथपंत.

"काका, चष्मा खाली घ्या," सुभाष म्हणाला. "काय झालं?"

"काही नाही. वर्ष बघत होतो. बिअर कशी, जावयासारखी. वर्ष बघून घ्यावी. यावरून आठवलं, बर्म्यात एक..."

"बर्मा नंतर! आणि एक सांगू? तो पारशी काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, एक दुबळा क्लार्क छप्पनच्या जाड्यात, त्या थंडीत, नेत होता, त्यानंतर काळी कोणी मागितलीच नाही. मी म्हटलं, आमचे काका तर दर हिवाळ्याला पितात!"

काशिनाथपंतांनी मान वर केली.

"मी दुकान बदललं होतं," अच्युतराव म्हणाले. "तो पारशी बाटलीवरची धूळसुद्धा वजनात धरायचा."

हशा झाला, पण अच्युतरावांच्या कानामागे घामाचा थेंब आला. न पिताच. सुभाषने ट्रंकेच्या कडीत अडकवून बूच उडवले आणि पेला भरला. दुसऱ्याने आंघोळीच्या बंबाखालून निखारे काढून घमेल्यात आणले, त्यात उलथणे खुपसलेले.

"तुम्ही सांगता तशी. लोखंडाची फोडणी देऊन. लो काका, सगळा इंतजाम आहे."

आता बर्मा निघाला, जहाज निघाले, पहाडातला एक साधूही निघाला. पण उलथणे गोष्टीसाठी थांबत नाही, ते लाल झाले. अच्युतरावांनी ते उचलले. हात सवयीचा होता. दांडा पेल्यात उभा उतरवला, चर्रर्र, आणि बदामी फेसाची टोपी वर आली. तो वास उठला. जळके धान्य, करपला गूळ, ओले पोते. उघड्या दारातून आत गेला.

आत कमलिनीबाई रत्नप्रभाबाईंच्या कपाळाला कुंकू लावत होत्या. "तुमचं बाई नवल वाटतं मला," त्या दर वर्षी म्हणत तेच म्हणत होत्या. "असल्या माणसाबरोबर हसतमुखानं..." आणि त्यांचे बोट थांबले. नाक वर झाले. "अगंबाई! बराकीतला तोच वास!"

रत्नप्रभाबाई उठल्या. हातात तिळगुळाची वाटी होती ती तशीच घेऊन दारात आल्या. त्यांच्यामागे बायका.

अंगणाच्या मधोमध नवरा उभा होता. पेला दोन्ही हातांत धरलेला, जसे तीर्थ धरतात. रत्नप्रभाबाईंना फक्त त्याचा कान दिसत होता, आणि कानामागून मानेवर उतरलेली घामाची रेघ. तीस वर्षे कोरडी ठेवलेली जीभ तो आता त्यांच्यासाठी ओली करणार होता. पेला वर चालला होता.

"बघता काय, प्या!" कोणीतरी म्हणाले.

"घाई नको," अच्युतराव म्हणाले. पेला ओठांपासून चार बोटांवर थांबला. गोष्ट अजून हातची सुटली नव्हती. "आधी समजून घ्या, म्हणजे पुढे कधी प्यालात तर म्हाताऱ्याची आठवण काढाल. अडाणी माणूस फेस फुंकून टाकतो. मुलमुले टाकत नाही. का? कारण सगळी मजा फेसात. हा वरचा फेस असतो ना, हा गोड! सायीवर साखर भुरभुरावी तसा. कडू असतं ते खाली, तळाशी. म्हणून जाणकाराने..."

"खोटं."

आवाज मोठा नव्हता. पण अंगणातल्या सगळ्या माना दाराकडे वळल्या.

"फेस कडू असतो," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "गोड खाली असतं."

काशिनाथपंत खुर्चीतून अर्धवट उठले. "वहिनी, तुम्हाला काय ठाऊक?"

"अगं, शपथ..." अच्युतराव पुटपुटले.

रत्नप्रभाबाई पायरी उतरून आल्या. तिळगुळाची वाटी त्यांनी काशिनाथपंतांच्या हातात दिली, नवऱ्याच्या हातातून पेला काढून घेतला, आणि ऊन पेला धरायची सवय असलेल्या माणसासारखा पदराच्या टोकात धरला.

"मी प्यायलेय, भावोजी. बराकीत, आजारपणात. अकरा बाटल्या. ह्यांनी जन्मात थेंब चाखलेला नाही. चाखला असता तर फेसाला गोड म्हणाले असते का?"